पदनाम : सासू

(नगरपालिकेच्या जुन्या इमारतीतली साहेबांची खोली. टेबलापलीकडे साहेब. अलीकडे एका खुर्चीत तपासनीस, दुसरीत त्यांच्या सासूबाई, मांडीवर कापडी पिशवी. खिडकी उघडी आहे, कारण ती बंदच होत नाही.)

साहेब : पण मी म्हणतो, 'सासू' असं कोणी लिहितं का हो?

सासूबाई : मग काय लिहू? जाऊ लिहू? नणंद लिहू? जे आहे ते लिहिलं.

साहेब : आजी, तिथे नातं विचारलेलं नाही. तिथे 'पदनाम' छापलंय. वर यांनी लिहिलंय, 'तपासनीस, शिसे प्रतिबंध कक्ष'. आणि त्यांच्या खाली तुम्ही लिहिलंय, 'सासू'.

सासूबाई : यांच्या खाली मी कशी? वरच आहे मी यांच्या.

तपासनीस : आई, जरा थांबा.

सासूबाई : थांबलेच आहे. तुम्हीच म्हणालात ना जावईबापू, 'आई, हा कागद उद्या वकिलासमोर जाईल, एक अक्षर खोटं लिहायचं नाही'? आता खरं लिहिलं तर दोघे माझ्याकडे असे बघताय, जसं काही मी दुधात मीठच टाकलं.

साहेब : आणि गेलाच ना तो वकिलासमोर! घरमालकाच्या वकिलाने काय पाठवलंय, ऐका. 'जुन्या घराच्या रंगातील शिशाची तपासणी दोन कर्मचाऱ्यांनी करावी असा नियम असताना, सदर तपासणी एका कर्मचाऱ्याने व त्याच्या सासूने केली आहे. सासू हे पद नगरपालिकेच्या आकृतिबंधात आढळत नाही. सबब अहवाल रद्द करावा.'

सासूबाई : आकृतिबंध म्हणजे काय हो?

साहेब : कुठल्या खात्यात कोणती माणसं आणि किती, याचा मंजूर तक्ता.

सासूबाई : आणि त्यात सासू नाही?

साहेब : कुठल्याच खात्यात नाही.

सासूबाई : म्हणूनच असा कारभार आहे.

तपासनीस : साहेब, वकील राहू द्या बाजूला. भिंगरीचं काय करायचं ते बोला.

साहेब : भिंगरी कोण?

तपासनीस : जिच्यासाठी ही तपासणी केली ती. त्या घरातल्या भाडेकरूंची मुलगी. अडीच वर्षांची आहे. दवाखान्यात रक्त तपासलं तर शिसं निघालं, तेही नको तेवढं. तिच्या आईवडिलांनी आपल्याकडे अर्ज केला.

साहेब : हां, हां. आलं लक्षात. खिडकीवाली केस.

सासूबाई : केस काय म्हणता? पोर आहे ती. बाप कामावरून येईपर्यंत खिडकीत उभी राहते. बरोबर चौकटीला हनुवटी टेकेल एवढी उंची. त्या चौकटीचे पोपडे सुटलेत, ते ती चाटते, दातांनी कुरतडते. गोड लागतो म्हणे तो जुना रंग. आता त्या पोरीला काय कळतंय!

साहेब : आईने लक्ष द्यायला नको का?

सासूबाई : द्यायला हवं ना. पण तीही कामाला जाते. पाळीपाळीने शेजारणी बघतात. आणि साहेब, रंग नुसता चौकटीवर नसतो. खिडकी उघडली-मिटली की त्याची पूड पडते. जमिनीवर पडते, हाताला लागते, हात तोंडात जातात. पोरीला बांधून ठेवायची का? दिवसभर गरगर फिरायची म्हणून नाव भिंगरी पडलं. आता ठेवली तिथे राहते. बोलायला लागली होती. बाबा, पाणी, चांदोबा, मनीमाऊ. एकेक शब्द जायला लागला. तिची आई मला म्हणाली, 'आजी, तेवढा 'बाबा' उरलाय. तो तरी राहील ना हो?' मी काय सांगणार? मी आपलं ओलं फडकं घेतलं आणि चौकट पुसत बसले.

साहेब : डॉक्टर काय म्हणतात?

तपासनीस : औषध देता येईल म्हणतात. पण पोर परत त्याच खिडकीत उभी राहणार असेल, तर ते पालथ्या घड्यावर पाणी. आधी रंग काढा. तो काढायचा घरमालकाने. आणि त्याच्यावर सक्ती करायची तर आपला अहवाल लागतो. सुनावणी उद्या सकाळी आहे, साहेब. अहवाल रद्द झाला की घरमालक सुटला.

साहेब : त्यांनी दुसरं घर का बघू नये?

तपासनीस : त्यांना परवडेल असं जे घर मिळतं, ते याहून जुनं असतं.

साहेब : घरमालक काही समजूतदार वगैरे?

सासूबाई : फार समजूतदार. म्हणाला, 'वरून छान गुलाबी रंग मारून देतो.' नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! मग म्हणाला, 'आजी, आम्ही सगळी भावंडं याच खिडकीत वाढलो. आम्हाला काय झालं?' म्हटलं, तेच एकदा तपासून घ्या, काय झालं ते.

साहेब : असं बोललात तुम्ही?

सासूबाई : त्याच्या तोंडावर. म्हणून तर वकील लावला त्याने.

साहेब : बरं, मग नियमाप्रमाणे पुन्हा करा तपासणी. दोन कर्मचारी घेऊन. आज दुपारीच करा.

तपासनीस : दुसरा कर्मचारी कोण?

साहेब : तुमचा सहायक.

तपासनीस : त्याची वसुली खात्यात बदली झाली, तुमच्याच सहीने. त्याच्या जागी कोणी आलं नाही. तो गेला तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं, साहेब. आता सासूबाई तपासणीला येतायत.

साहेब : कक्षाला ड्रायव्हर आहे की!

तपासनीस : ड्रायव्हर आहे, गाडी नाही. आणि तो म्हणतो, 'माझ्या कामात गाडी चालवणं बसतं, सही करणं बसत नाही.'

सासूबाई : पण माणूस सज्जन हं. रोज मला जिन्यापर्यंत सोडतो. गाडीशिवाय जेवढं सोडता येईल तेवढं सोडतो बिचारा.

साहेब : अहो, मी तरी काय करू? माझा मूळ विभाग पथदिवे. शिसं माझ्याकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून आलंय. दिवे लावता लावता पुरेवाट होते.

सासूबाई : तरीच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तपासनीस : आई!

साहेब : बोलू द्या त्यांना. पण मला एक सांगा आजी, तुम्ही मुळात या भानगडीत पडलात कशाला?

सासूबाई : मी कशाला पडते! लेकीला बरं नव्हतं म्हणून चार दिवसांसाठी आले होते. तर हे रोज संध्याकाळी तोंड पाडून घरी येत. विचारलं तर म्हणत, 'आई, आजही परत आलो. शिसं मोजायचं यंत्र एकट्याला चालवता येत नाही.'

तपासनीस : खरंच येत नाही, साहेब. ते भिंतीला टेकवून दोन्ही हातांनी स्थिर धरावं लागतं. आकडा दुसऱ्याने बघून लिहायचा. आणि तेवढा वेळ घरातली मुलं खोलीबाहेर ठेवायची, हे तिसरं काम.

सासूबाई : यंत्र कसलं, पिस्तूल दिसतं ते! पहिल्याच घरी यांनी पेटीतून बाहेर काढलं, तर त्या घरातल्या बाईने दोन्ही हात वर केले. म्हटलं, घाबरू नका हो, सरकारी आहे, उडत नाही.

साहेब : हा हा! बरं, पुढे?

सासूबाई : पुढे काय! म्हटलं, घरी बसून जावयाच्या भिंती बघण्यापेक्षा लोकांच्या बघू. पोरं मी सांभाळते. आकडा चष्मा लावून वाचते. सही येते. एवढं काय त्यात?

साहेब : त्यात एवढंच, की तुमच्यामुळे माझ्या खात्याची कामगिरी घसरली.

सासूबाई : अगं बाई! ती कशी?

साहेब : गेल्या वर्षी शहरात शिशाने बाधित मुलं किती होती? शून्य. मुख्य साहेबांनी मला सभेत उभं करून टाळ्या वाजवल्या होत्या. आणि यंदा डझनावर! परवा मला विचारलं, 'पथदिव्यांत तर तुम्ही बरे आहात, मग इथे एका वर्षात एवढी अधोगती कशी?'

तपासनीस : साहेब, गेल्या वर्षी शून्य होती कारण एकाही घराची तपासणी झाली नव्हती.

साहेब : ते मला माहीत आहे.

तपासनीस : मग त्यांना सांगितलंत का?

साहेब : टाळ्या चालू असताना कसं सांगणार?

तपासनीस : आणि त्याच शून्यावर पदभरती समितीने माझा प्रस्ताव परत पाठवला. दोन सहायक मागितले होते. तर शेरा काय, 'बाधित मुले नसल्याने मनुष्यबळाची आवश्यकता दिसत नाही.' माणसं नाहीत म्हणून मुलं सापडत नाहीत, मुलं सापडत नाहीत म्हणून माणसं मिळत नाहीत. तीन वर्षं मी ही फुगडी खेळतोय. यंदा कुठे मुलं सापडली आणि प्रस्ताव परत समितीपुढे गेला. येत्या गुरुवारी बैठक आहे.

साहेब : हो, आणि यंदा तो मंजूर होईल असं मलाही वाटतंय. म्हणून म्हणतो, थोडं थांबा. दोन सहायक येऊ द्या. मग करू त्या घराची पुन्हा तपासणी.

तपासनीस : समजा मंजूर झाला. मग माणूस हातात कधी येईल?

साहेब : जाहिरात, परीक्षा, मुलाखत, वैद्यकीय तपासणी. यथावकाश.

सासूबाई : यथावकाश म्हणजे भिंगरी शाळेत जायला लागेल तेव्हा ना? जाऊ शकली तर.

साहेब : माझ्या हातात काय आहे, आजी?

सासूबाई : असं म्हणू नका, साहेब. तुम्ही साहेब आहात. काहीतरी असेलच तुमच्या त्या पुस्तकात.

साहेब : मी वाईट माणूस नाही हो आजी. मलाही नात आहे. थांबा, बघू द्या. नेमणुका... तात्पुरत्या नेमणुका... रोजंदारी, ती नाही, तिला वयाची अट आहे... हां! हे बघा. 'खातेप्रमुखास आवश्यकता वाटल्यास मानद सहायक नेमता येईल.' मानद म्हणजे विनावेतन.

सासूबाई : तसंच तर चाललंय.

तपासनीस : आणि वयाची अट?

साहेब : मानाला वय नसतं. शिक्षणाची अटही दिसत नाही. आजी, अभिनंदन! तुम्हाला मी आत्ता मानद सहायक नेमतो.

तपासनीस : पण तपासणी तर होऊन गेली, साहेब. नेमणूक आज कशी चालेल?

साहेब : कार्योत्तर मंजुरी नावाची गोष्ट असते. काम आधी होतं, परवानगी मागाहून येते. पूर्ण कायदेशीर आहे. अर्ध्या शहरातले दिवे असेच लागलेत.

सासूबाई : आधी कळस, मग पाया. माझं काही म्हणणं नाही. उद्या तो वकील गप्प बसेल का, तेवढं सांगा.

साहेब : बसेल म्हणजे? बसावंच लागेल! तपासनीस एक, मानद सहायक एक. झाले दोन. या इथे सही करा, आणि मेहेरबानी करून पदनामाच्या जागी 'मानद सहायक' लिहा.

सासूबाई : द्या पेन. लिहिते आणि घरी जाऊन पिशवी भरते. उद्या संध्याकाळची गाडी आहे माझी.

साहेब : कुठे निघालात?

सासूबाई : माझ्या घरी! चार दिवसांसाठी आले ती वर्ष होत आलं. घराला कुलूप आहे. कुंड्या शेजारणीच्या भरवशावर. लेक-जावई कितीही गुणाचे असले तरी आपली उशी ती आपली उशी. मला घरी जायचंय हो आता. थकले मी जिने चढून.

साहेब : मग जरा अडचण आहे.

तपासनीस : मला वाटलंच. आई, पेन खाली ठेवा.

साहेब : मानद असली तरी नेमणूक ती नेमणूक. पर्यायी व्यवस्था होईपर्यंत कर्मचाऱ्याला कार्यमुक्त करता येत नाही.

सासूबाई : म्हणजे माझ्या जागी कोणी आलं की मी मोकळी?

साहेब : बरोबर.

सासूबाई : मग कोण येणार, ते दोन सहायक ना?

तपासनीस : ते येणार नाहीत, आई. तेच तर. तुम्ही सही केलीत की सहायकाची जागा भरलेली दिसणार. भरलेली जागा समितीकडे कशी मागायची? गुरुवारी माझा प्रस्ताव पहिल्या मिनिटाला बाद. 'काम विनावेतन होत असताना सवेतन पद कशासाठी?' शेरासुद्धा मला आत्ताच दिसतोय.

साहेब : शेरा मलाच लिहावा लागेल. पण हो, साधारण असाच.

सासूबाई : म्हणजे जागा रिकामी झाल्याशिवाय माणूस येणार नाही.

साहेब : नाही.

सासूबाई : आणि माणूस आल्याशिवाय मी जागा रिकामी करायची नाही.

साहेब : नियमाप्रमाणे नाही.

सासूबाई : मग माझी सुटका आता यमच करणार म्हणा की! तो तरी वरती जागा रिकामी आहे का बघून नेतो, की त्याच्याकडेही आकृतिबंध आहे?

तपासनीस : आई, तसलं बोलू नका. तुम्ही सही करू नका, बस्स. उद्याची गाडी पकडा. मी बघतो काय ते.

सासूबाई : काय बघता? सही नाही केली तर उद्या काय होईल?

तपासनीस : अहवाल रद्द होईल.

सासूबाई : आणि भिंगरी?

तपासनीस : तिथेच राहील. खिडकीत. पण आई, शहरात अशी जुनी घरं काय एकदोन आहेत? गल्लीच्या गल्ल्या आहेत. प्रत्येक घरात कुठेतरी एखादं पोर चौकट चाटत असेल. दोन माणसं मिळाली असती तर मी वर्षभरात निम्मं शहर तपासलं असतं. तीन वर्षं त्यासाठी उंबरे झिजवले. ते एका सहीत पाण्यात जाणार. मलाच कळत नाहीये, तुम्हाला काय सांगू ते. तुम्ही सही करावी असंही वाटतं आणि पेन हिसकावून घ्यावं असंही वाटतं.

सासूबाई : तुमचं खरं आहे, जावईबापू. गल्लीतल्या पोरांचंही खरं आहे. पण त्यातल्या एकीने परवा माझं बोट धरलं होतं. मी उठायला लागले तर सोडेना. बोलली काही नाही. एका 'बाबा'शिवाय तिला येतच नाही आता. तिला मी काय सांगू, की बाळ, तू थांब, मोठा हिशोब चाललाय?

तपासनीस : पण आई, समिती...

सासूबाई : समिती काय, आज नाही म्हणाली तर परत जा. तुम्हाला सवय आहे. त्या पोरीचा एकच शब्द उरलाय. बघू, कुठे करायची सही?

साहेब : इथे. आणि इथे. तारीख तपासणीच्या आदल्या दिवशीची नको, आजचीच घाला, कार्योत्तर मंजुरीची ओळ मी टाकतो. पदनाम...

सासूबाई : मा-न-द स-हा-य-क. झालं? आता मी कर्मचारी?

साहेब : रीतसर.

सासूबाई : म्हणजे साहेबांसमोर खुर्चीतून उठायला हवं की काय आता?

साहेब : छे छे, बसा हो! तुमच्या मांडीवर ती पिशवी... तुम्ही आजीच राहा माझ्यासाठी. तपासनीस, असं तोंड नका पाडू. उलट मला तर एक मार्ग दिसतोय. शहराच्या बाकीच्या भागांत तपासनीस आहेत, पण सहायक कुठेच नाहीत. समजा, प्रत्येक तपासनीसाला आपण परिपत्रक पाठवलं, की घरातल्या एका ज्येष्ठ, अनुभवी व्यक्तीस...

तपासनीस : साहेब, नको.

साहेब : अहो, एका फटक्यात सगळी पदं भरतील! खर्च शून्य! टाळ्यांची जागा आहे ही.

सासूबाई : कल्पना चांगली आहे. तुमच्या घरी कोण आहे ज्येष्ठ, साहेब?

साहेब : माझ्या? सासूबाईच असतात आमच्याकडे. पण त्यांना... त्यांना जिने चढवत नाहीत. आणि मी तर काय, कार्यालयातच असतो.

सासूबाई : आणि नात?

साहेब : नात आहे की. भारी गोड आहे. रांगते आता. त्यांच्याजवळच असते दिवसभर.

सासूबाई : घर नवं की जुनं?

साहेब : जुनं आहे. सरकारी बंगला. इंग्रजांच्या काळातला, भक्कम. जाडजूड खिडक्या, असा रंग आता बघायला मिळत नाही...

सासूबाई : रविवारी येऊ का?

साहेब : या. म्हणजे, नको. म्हणजे, रीतसर अर्ज करावा लागेल ना मला? आणि तो येणार माझ्याकडेच. आणि माझ्या नातीचं नाव त्या यादीत... मुख्य साहेब म्हणतील...

सासूबाई : अर्ज नको नि यादी नको. मी आपली तुमच्या सासूबाईंना भेटायला येते. पिशवीत एक ओलं फडकं असेल. हे येतील मला सोडायला, त्यांच्या पेटीसकट. चौकट झाडू नका तोवर, कोरड्या झाडूने तर मुळीच नाही. आणि पोरीला खिडकीपाशी रांगू देऊ नका.

साहेब : रविवारी नक्की ना? विसरू नका हं, आजी.

सासूबाई : नाही विसरत. जावईबापू, उठा. उद्याच्या सुनावणीत अहवाल टिकला, तर भिंगरीच्या चौकटीला हात कधी लागेल?

तपासनीस : आदेश निघेल, घरमालकाला मुदत मिळेल, मग कारागीर. थोडे दिवस जातील, आई.

सासूबाई : आणि तोवर? तोवर तिला खिडकीपासून लांब कोणी ठेवायचं?

तपासनीस : तसं... कोणीच नाही.

सासूबाई : साहेब, बघा ना तुमच्या त्या तक्त्यात. पोराला खिडकीपासून उचलून मांडीवर घ्यायचं, त्याला काही पद आहे का?

साहेब : नाही हो. तसलं पदच नाही.

सासूबाई : बरं झालं. म्हणजे ते काम होईल तरी.